हत्तीच्या पायाशी बूट

"बूट आजोबांचेच आहेत. पण आजोबा कुठायत?"

रत्नदीपने असं विचारलं आणि पप्पांचा चेहरा असा पांढरा पडला, की शेजारच्या घड्याळाच्या मनोऱ्यालाही लाज वाटावी.

२००६ सालची जूनची सुट्टी होती. क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमधून सगळी मंडळी सिंगापूरची जुनी संसद बघायला निघाली होती: बारा वर्षांची हिरा, दहाचा रत्नदीप, त्यांचे पप्पा, प्रबोधकाका आणि बिशानहून आलेला रत्नदीपचा मित्र धवल. सहल मुळात होती ती नागपूरहून आलेल्या आजोबांसाठी. आजोबांनी, म्हणजे रावसाहेबांनी, चाळीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं होतं, आणि तेही एकही विद्यार्थी झोपू न देता, असं ते स्वतःच सांगत.

संसदेसमोरच्या काशाच्या हत्तीजवळ आजोबा थांबले. पप्पा मुलांना घेऊन पदांगचं मोठं मैदान दाखवायला गेले, काका पाणी आणायला. परत येऊन बघतात तर चौथऱ्याशी फक्त बूट.

"प्रबोध, ते तुझ्याबरोबर होते ना?"

"मला वाटलं, तुझ्याबरोबर."

"त्यांनी मधुमेहाची गोळी बारा वाजता घेतलीय," हिरा म्हणाली. "अर्ध्या तासात खाल्लं नाही तर त्यांना चक्कर येते. डबा माझ्या पाठीवर आहे, आणि आत्ता साडेबारा झालेत."

बूट इथे, आणि नदी पन्नास पावलांवर. पप्पांनी पुढे काही ऐकलंच नाही. ते नदीकडे असे पळाले, की काठावरचा हाताची घडी घातलेला, शहर वसवणाऱ्या रॅफल्सचा पुतळासुद्धा बाजूला सरकला म्हणतात. काका त्यांच्या मागे. जाता जाता पाण्याची बाटली हिराच्या हातात कोंबून ओरडले, "संसदेत मी डोकावलोय. सभागृहाचं दार बंद आहे. तुम्ही इथून हलू नका."

हिराने घड्याळ पाहिलं. ती बुटांपाशी वाकून बसली.

धवलने एक चप्पल काढून पाय फरशीवर टेकवला, लगेच उचलला आणि सिंगापुरी ढंगात म्हणाला, "आयो, सो हॉट लाह. अनवाणी नदीपर्यंत? तुझे आजोबा तीन पावलंपण नाही जाणार."

"मोजे बघ, ताई," रत्नदीप म्हणाला. "नीट घडी करून बुटात ठेवलेत. विहारात जाताना ठेवतात तसेच."

"पण इथे विहार कुठेय?"

"सकाळी ट्रेनमध्ये मला विचारत होते," धवल म्हणाला, "देशाचे कायदे इथेच व्हायचे का? मी येस म्हटलं. मग त्यांनी बसल्या जागी हात जोडले."

हिरा ताडकन उठली. "काका म्हणाले दार बंद आहे. पण घरी एसीच्या खोलीचं दार दिवसातून दहा वेळा कोण लावतं?"

संसदेची सावलीतली पायरी दोनच पावलांवर होती. इतक्या घाईतही रत्नदीपने हत्तीपाशीच बूट काढले. मग हिराच्या चपलाही निघाल्या, धवलच्याही. तिघं आत धावले आणि हिराने सभागृहाचं जड दार ढकललं.

शेवटच्या बाकावर आजोबा बसले होते. कपाळावर घाम, हात थरथरत होते. उठायचा प्रयत्न करत होते, पण पाय साथ देत नव्हते.

हिराने आधी बाटलीतल्या पाण्यात डब्यातली साखर ढवळून पाजली, मग त्यांना बाहेरच्या बाकावर आणून पोळीचे तुकडे भरवले. मुलं त्यांच्या बोटांकडे बघत राहिली. थरथर थांबायला दहा मिनिटं लागली. रत्नदीपला ती पूर्ण अधिवेशनाएवढी वाटली.

"दार उघडं टाकलं होतं कुणीतरी," आजोबा हळूच म्हणाले. "थंडावा वाया जात होता."

तेवढ्यात पप्पा आले, धापा टाकत, अनवाणी; मागोमाग काका, बूट घालूनच. हत्तीपाशी चार जोड बघून पप्पांनीही आपले बूट काढले होते. "आबा, तुम्हाला काही समजतं का? मी नदीत..."

"सदनाजवळ आवाज चढवू नये, नरेश," आजोबा म्हणाले. मग डोळे पुसून हिराच्या डोक्यावर हात ठेवला. "सांगून जायला हवं होतं मी. चूक झाली."

"चूक आमची," पप्पा खाली बसत म्हणाले. "मी नुसता पळत सुटलो. या तिघांनी विचार केला. शाबास रे पोरांनो."

"मग आइस कचांग, अंकल, तो रंगीत पाकाचा बर्फ?" धवलने लगेच विचारलं. "मोठा लाह."

बाहेर आले तर हत्तीच्या पायाशी पाचाऐवजी अकरा जोड ओळीने मांडलेले. आणि बुटांची नाडी सोडत एक गोरी आजीबाई पप्पांना विचारत होती, मोजेही काढायचे असतात का?

"घडी करून आत ठेवा म्हणावं," आजोबा म्हणाले.