देवाच्या वहाणा

खोटं वाटलं तर वाटू दे, पण हे घडलंय. चाकणजवळच्या एका वाडीत, १९५६च्या मार्गशीर्षात. ज्या सोजराबाईच्या बाबतीत घडलं, तिनं ते शपथेवर सांगितलंय.

तिचा नवरा दत्तोबा भैरोबाच्या देवळातला गुरव. दिवेलागणीची आरती झाली की तो गाभाऱ्यात देवासाठी अंथरूण घालायचा, शेजारी चामड्याच्या वहाणा ठेवायचा आणि दाराला कुलूप लावायचा. पहाटे अंथरूण चुरगळलेलं असायचं. वहाणांचे तळवे झिजलेले असायचे.

देव रात्री गावाची राखण करतो म्हणून सगळे हात जोडायचे. सोजराबाईही जोडायची, पण नुसतेच.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं पाहिलं होतं. दत्तोबाच पहाटे अंथरूण चुरगळत होता, वहाणा दगडावर घासत होता.

"गावाला आधार लागतो," तो म्हणाला होता. "गप ऱ्हा."

ती जन्मभर गप्प राहिली.

दिवाळी झाली आणि दत्तोबा गेला. घर खायला उठलं. सुतक फिटेपर्यंत देऊळ बंदच होतं. पिंपरीच्या कारखान्यात असलेला मुलगा मुरारी म्हणाला, "आई, माझ्याकडं चल. देव-बिव काय न्हाई."

हे त्यानं तिला सांगायला हवं होतं थोडंच!

देऊळ उघडलं त्या संध्याकाळी तिनं अंथरूण घातलं, किल्ली कनवटीला लावली. आता लबाडी करायची नाही. उद्या गावाला सपाट अंथरूण दिसू दे, मग आपण पिंपरीला जायला मोकळ्या.

पहाटे तिनं कुलूप काढलं...

अंथरूण चुरगळलेलं होतं.

तिनं हात लावून पाहिला... ऊब होती.

वहाणांना ओली माती लागली होती.

ती घाबरली नाही. उलट तिला भरून आलं. दुसरं कोण असणार? आपलाच माणूस! कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली.

दुसऱ्या पहाटे ती बंद दाराला कान लावून बसली.

आत... कर्र... कर्र... वहाणा वाजत होत्या.

"अवो... तुमी हाय का?"

पावलं दारापर्यंत आली. थांबली.

दत्तोबानं उभ्या जन्मात तिचं नाव घेतलं नव्हतं. हाक मारायची म्हणजे तो नुसता खाकरायचा. सोजराबाई श्वास रोखून त्या खाकरण्याची वाट पाहत राहिली.

आतून आवाज आला...

"सोजरा..."

उजाडल्यावर लोक जमले, तेव्हा ती पायरीवर ढसाढसा रडत होती. कुलूप जसंच्या तसं होतं. आत कुणीच नव्हतं.

निरोप मिळताच मुरारी धावत आला. "कोण व्हतं, आई?"

"देवच असंल," ती म्हणाली. "जन्मभर मनात खोटा म्हनत आले त्याला. पण मुरारी, मला देव नको व्हता रं. ह्यांनी खाकरायला पायजे व्हतं."

तो देव होता की देवाच्या वहाणा घातलेलं आणखी कुणी, ते आजवर कळलेलं नाही.

सोजराबाई पिंपरीला गेली. तिथंही दाराबाहेरून कुणी नावानं हाक मारली तर ती कडी काढत नसे. मुरारी कामावरून आला की मुद्दाम खाकरायचा... अगदी बापासारखा.

मग ती दार उघडायची, आणि त्याच्या मागं आणखी कुणी आलंय का ते पाहायची.