झोपवलेला कॉम्प्युटर

“गेला परत,” वनमाला म्हणाली आणि कीबोर्डवरचे हात तिने मांडीवर ठेवले.

पडद्यावरची अक्षरं होती तिथेच थिजली होती. फुल्या आणि तिरप्या रेघा जोडून ती एक होडी काढत होती. शीड अर्धं झालं होतं आणि आता कुठलंही बटण दाबलं तरी काही हलत नव्हतं. सुगंधाताईंनी कपाळावरचा घाम पदराने पुसला आणि कॉम्प्युटर बंद केला. म्हणजे सगळं पुसलं गेलं. लिहिलेलं साठवून ठेवायची सोय त्या जुन्या यंत्रात नव्हती.

“बुडाली,” रतन म्हणाला. “तू काहीतरी भलतं बटण दाबलंस बघ.”

“काल तू बसला होतास. तेव्हा काय झालं?”

“काल पण वाट लागली,” रतनने कबूल केलं. भांडायला जोर लागतो, आणि त्या उकाड्यात दोघांच्याही अंगात तो नव्हता.

मुलुंडचा मे महिना, साल १९८८. वाचनालयाच्या मागच्या खोलीत हा कॉम्प्युटर ठेवला होता. पवईच्या एका ऑफिसने नवा घेतला आणि हा वाचनालयाला देऊन टाकला. सुट्टीत सुगंधाताई मुलांना तो शिकवायच्या. सकाळचा वर्ग सोसायट्यांमधल्या मुलांचा, दुपारचा डोंगराखालच्या चाळीतल्या मुलांचा. सकाळी यंत्र शहाण्यासारखं चालायचं. दुपारी चार ओळी लिहून होतात न होतात तोच बंद पडायचं.

वाचनालयाचे चिटणीस भाऊराव यांना यात काही रहस्य वाटत नव्हतं.

“दोष मशीनमध्ये नाही, हातांमध्ये आहे,” ते म्हणत. “सकाळी कसं चालतं मग?”

“उकाड्यामुळे होत असेल,” सुगंधाताईंनी एकदा म्हणून बघितलं.

“उकाडा आम्हालाही होतो. आम्ही बंद पडतो का?”

शनिवारी समितीची सभा होती. दुपारचा वर्ग बंद करायचा, असं भाऊराव सगळीकडे सांगत सुटले होते. ते वनमालाच्या घरापर्यंतही पोचलं होतं. तिचे बाबा दत्ताराम कामावरून थकून आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, “तू थंय जाव नको, बाय. मोठ्यांची वस्तू ती. उगाच नाव येईत तुझ्यावर.” त्यांनी रागाने म्हटलं असतं तर तिला इतकं वाईट वाटलं नसतं.

“वनमाला, जरा फडकं आण गं,” सुगंधाताई म्हणाल्या. “घामाने बटणं चिकट झालीत.”

फडकं कपाटात होतं, कॉम्प्युटरच्या कव्हरखाली. हे कव्हर म्हणजे भाऊरावांच्या पत्नीची, विमलाकाकूंची कलाकुसर. लाल मखमल, भोवती लेस, मधे टिकल्यांचा मोर. भाऊराव रोज संध्याकाळी ते स्वतः घालत आणि सकाळी स्वतः काढून घडी करून ठेवत. वनमालाने फडकं ओढायला हात घातला आणि तशीच उभी राहिली.

“रतन, इकडे ये. याला हात लाव.”

“कशाला? भाऊराव ओरडतील.”

“लाव रे.”

रतनने बोट टेकवलं. “गरम आहे. इस्त्रीवाल्याकडून आणलं की काय?”

“आता कपाटाला लाव. गार आहे ना? सकाळी घडी केलेलं कव्हर गार कपाटात गरम कसं राहील?”

“मला घरी जाऊन पडायचंय,” रतनने सांगून टाकलं.

बाहेर नीला पुस्तक बदलायला आली होती. ती भाऊरावांची नात, सकाळच्या वर्गातली. तिला गाठून वनमालाने सगळं सांगितलं. नीलाने पुस्तकाचा कोपरा दुमडला.

“दुपारी सुगंधाताई जेवायला जातात,” ती म्हणाली. “तेव्हा इथे फक्त आजोबा असतात.”

“मग उद्या त्या वेळी आपणही असायचं,” वनमाला म्हणाली.

“या उन्हात?” रतन म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी आला मात्र तोच सगळ्यात आधी.

वाचनालयामागच्या बोळात खिडकीखाली हातभर सावली होती. तिघं तिच्यात पाय आखडून बसली. भिंत तापलेली, वारा म्हणून नाही, आणि रतनने आणलेल्या बर्फाच्या कांडीचं वाटेतच सरबत झालेलं. साहस म्हणतात ते हेच असेल तर त्याला ते नको होतं.

आतून सुगंधाताईंचा आवाज आला. “मी येते हं, भाऊराव. कॉम्प्युटर झोपवलाय.”

“जा तुम्ही निवांत. मी आहे.”

भाऊराव आत आले. त्यांनी पंखा बंद केला. धूळ नको म्हणून खिडक्या लावून घेतल्या. मुलांनी फटीला डोळे लावले. भाऊरावांनी कपाटातून कव्हर काढलं, झटकलं, कॉम्प्युटरला पार खालपर्यंत घातलं आणि लेस सरळ केली.

“झोप बाबा,” ते दमलेल्या आवाजात म्हणाले. “तुझी तरी होऊ दे झोप.” मग ते बाहेरच्या बाकावर जाऊन आडवे झाले.

“ऐका,” वनमाला कुजबुजली.

बंद खोलीतून बारीक घुंघुं येत होती. कॉम्प्युटरच्या आतल्या पंख्याची.

“म्हणजे तो चालू आहे?” रतन म्हणाला.

“दुपारी ताई नुसता पडदा बंद करतात, मशीन पुरतं बंद होतं ते संध्याकाळी. सारखं बंद-चालू करू नका, असं पवईच्या माणसाने सांगितलंय. त्यालाच त्या झोपवलाय म्हणतात.”

“आणि आजोबांना वाटतं, झोपवलाय म्हणजे बंद केलाय,” नीला म्हणाली. “घरी टीव्हीचंही तसंच. बातम्या संपल्या, पडदा काळा झाला की लगेच कव्हर.”

“मे महिन्यात, खिडक्या लावून, पंखा बंद करून, चालू मशीनवर मखमल,” वनमाला म्हणाली. “आणि दोष आपल्या हातांचा.” तिचे डोळे भरून आले. ते तिने घामाबरोबरच पुसले.

सुगंधाताई यायच्या आधी भाऊराव उठले. त्यांनी कव्हर काढलं, घडी केली, पंखा लावला, खिडक्या उघडल्या. सगळं जागच्या जागी. ताईंना कळणार तरी कसं?

“सांगूया त्यांना,” वनमाला म्हणाली.

“कोण सांगणार? तू? भाऊरावांना?” रतन म्हणाला. “शिवाय खरंच तेच कारण आहे कशावरून? एक दिवस कव्हर न घालता बघायला हवं.”

हे त्याचं बोलणं बिनतोड होतं, आणि तेच त्याच्या अंगाशी आलं. कारण भाऊरावांना जेवणाच्या वेळेत बाहेर अडकवून ठेवायचं काम मग त्याच्याकडे आलं. “आजोबांना त्यांच्या कबड्डीचं विचार,” नीलाने सुचवलं. “फक्त विचार. पुढचं तेच बघतील.”

शुक्रवारी पंखा फिरत राहिला, खिडक्या उघड्या राहिल्या, कव्हर कपाटात राहिलं आणि कॉम्प्युटर वर्ग संपेपर्यंत एकदाही थांबला नाही. वनमालाची होडी शिडासकट पुरी झाली. रतन आला तो भिंतीला टेकून बसला.

“त्यांची प्रत्येक चढाई ऐकली,” तो म्हणाला. “दोनदा. माझं काही शिल्लक राहिलेलं नाही यार.”

शनिवारी दुपारी सभा भरली. सुगंधाताई कॉम्प्युटर झोपवून, न जेवताच तिथे येऊन बसल्या होत्या. अध्यक्ष अण्णा वर्तमानपत्राने वारा घेत होते. मुलं दाराशी उभी होती.

“काल दुपारी मशीन व्यवस्थित चाललं,” कोणीतरी म्हणालं.

“चालणारच,” भाऊराव म्हणाले. “मी सगळीकडे सांगून ठेवलंय ना वर्ग बंद होणार म्हणून. धाक बसला. पण रोज कोण धाक दाखवत बसणार? बंदच करू.”

अण्णांनी मान हलवायला सुरुवात केली होती. वनमाला पुढे गेली.

“काका, कॉम्प्युटर आता झोपलाय का?”

“हो. मीच पांघरूण घालून आलोय आत्ता.”

“मग आतून आवाज कसला येतोय?”

मागच्या खोलीतून घुंघुं येत होती. भाऊराव उठून आत गेले, मागोमाग बाकीचे. खोली भट्टीसारखी तापली होती. भाऊरावांनी कव्हरखाली हात घातला आणि झटकन मागे घेतला.

“हा चालू आहे?”

सुगंधाताईंचा चेहरा उतरला. “मी फक्त पडदा बंद करते. झोपवलाय म्हणून सांगत होते तुम्हाला.”

“अहो, झोपवलाय म्हणजे बंद केलाय ना?”

“नाही हो.”

“आजोबा,” नीला हळूच म्हणाली, “तुम्ही रोज दुपारी त्याला पांघरूण घालता. आम्ही बघितलं. काल रतनने तुम्हाला बाहेर बसवून ठेवलं, म्हणून तो चालला.”

भाऊरावांनी रतनकडे पाहिलं. “म्हणून कबड्डी?”

“पण आवडली मला,” रतन म्हणाला. “पहिल्यांदा तरी.”

भाऊरावांनी कव्हर काढलं, पंखा लावला आणि एकेक खिडकी उघडली. मग वळून म्हणाले, “अण्णा, वर्ग चालू राहू दे. दोष हातांमध्येच होता, पण या पोरांच्या नाही. माझ्या.”

“शाब्बास गं,” अण्णा वनमालाला म्हणाले. “आम्ही एवढी मोठी माणसं, एकाने तरी हात लावून बघायचं होतं.”

भाऊराव तिच्यासमोर येऊन उभे राहिले. “तुझ्या घरी येतो संध्याकाळी,” ते म्हणाले. “बाबांना सांगायला.”

सोमवारपासून भाऊरावांच्या घरचा टेबलफॅन कॉम्प्युटरकडे तोंड करून फिरू लागला, आणि मखमलीचा मोर विमलाकाकूंच्या शिलाई मशीनवर जाऊन बसला. भाऊराव दुपारी झोपायचं सोडून दारात पुठ्ठ्याने वारा घेत राखण करू लागले. सुगंधाताई आता जाताना स्पष्ट सांगत, “पडदा बंद आहे, मशीन चालू आहे.”

दोन-तीन दिवसांनी वर्ग सुटायच्या वेळी दत्ताराम दारात आले. चपला बाहेर काढून, हात मागे बांधून ते आत उभे राहिले. कशाला धक्का लागू नये म्हणून जपत होते. वनमालाने शेवटची ओळ टाइप केली आणि बटण दाबलं. फुल्यांची होडी पडद्यावर उभी राहिली.

गावच्या खाडीत होड्या पाहत वाढलेल्या दत्तारामांनी वाकून ती बराच वेळ पाहिली.

“शीड उलट्या बाजूक लावलंस, बाय,” ते म्हणाले.

“असू दे, बाबा,” वनमाला म्हणाली. “उद्या नव्याने काढीन.”