निकाल लागेपर्यंत

पुलाच्या ऐन माथ्यावर ठकूच्या गाडीने एक उचकी दिली, अंग झाडलं आणि ती गप्प झाली. मागे हॉर्नचा गदारोळ, वरून पावसाची भुरभुर. ठकूने किल्ली फिरवून पाहिली, गोंजारून पाहिलं, शेवटी स्टिअरिंगवर एक चापट मारली. गाडी ढिम्म!

काचेवर टकटक झाली. बाहेर एक उंच माणूस भिजत उभा होता.

"न्यूट्रलमध्ये टाका. मी ढकलतो."

"एकटेच?"

"तुम्हीही उतरा हवं तर. पण मग स्टिअरिंग कोण धरणार?"

त्याने गाडी उताराच्या कडेला आणली, बॉनेट उघडलं आणि कान लावून उभा राहिला, रुसलेल्या मुलाची समजूत काढावी तसा.

"कधी घेतलीत?"

"नुकतीच. जुनीच आहे, पण विकणारा म्हणाला, एका डॉक्टरांनी फुलासारखी जपलेली आहे."

"डॉक्टरांनी हिला तपासलेलं दिसत नाही."

ठकूला हसू आवरेना. त्याने आतली कुठलीशी वायर हलवली आणि गाडी खाकरत सुरू झाली.

"हे तात्पुरतं आहे हं. पुन्हा बंद पडेल."

"मग पुन्हा मागून तुम्ही याल?"

बोलून गेली आणि स्वतःच चपापली. त्याने वर पाहिलं. त्याच्या पापण्यांवर पाणी साचलं होतं, आणि ते पुसायचं तो विसरला होता. तो काहीतरी बोलणार, तोच रस्त्यात सोडून आलेल्या त्याच्या गाडीमागे लोक ओरडू लागले. "आलो, आलो!" म्हणत तो पळाला. ना नाव, ना नंबर...

नंतर कितीतरी दिवस ठकू त्या पुलावरून जाताना पुढे कमी आणि आरशात जास्त बघत होती.

ठकू फिजिओथेरपिस्ट होती. कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा, कुणाचा अर्धांगवायू. घरोघरी जाऊन ती माणसांना पुन्हा चालतं करायची. आणि तिची गाडी मात्र चालायला तयार नव्हती. विकणाऱ्याकडे नेली की तो ठेवून घ्यायचा, चकचकीत पुसून परत द्यायचा. आठवड्याभरात ती पुन्हा कुठेतरी ठिय्या मारून बसायची. "जुनी गाडी कुरकुर करणारच, मॅडम," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

"नावाप्रमाणे ठकलीस बघ, ठकू," दादा चिडवायचा. तीही हसण्यावारी न्यायची.

पण एका सकाळी गाडी अशीच अडली, ठकूला पोचायला उशीर झाला, आणि तिची वाट पाहणाऱ्या एक आजी काठी न घेताच दारापर्यंत आल्या नि उंबऱ्यापाशी पडल्या. हाड शाबूत राहिलं, पण भीती बसली. महिनोन्‌महिने कमावलेलं पाऊल त्या पुन्हा उचलेनात. त्या दिवशी ठकू घरी येऊन ढसाढसा रडली.

"रडून काय होणार?" वहिनी म्हणाली. ती ठकूची मैत्रीण आधी आणि वहिनी नंतर. "वॉरंटी लेखी दिलीय ना त्याने? दर वेळच्या दुरुस्तीच्या पावत्या आहेत? मग झालं तर. जुनी गाडी विकली म्हणून दोष लपवायचा परवाना मिळत नाही कुणाला. नीट करता येत नसेल तर परत घे म्हणावं. जा ग्राहक न्यायालयात."

ठकू गेली. न्यायालयाने गाडी तपासायला एक त्रयस्थ तज्ज्ञ नेमला. आणि तपासणीच्या दिवशी इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात ठकूने पाहिलं, तर हातमोजे चढवत समोर उभा... तोच.

तो तिथे प्राध्यापक होता. क्षणभर त्याचा चेहरा उजळला. मग कुणीतरी दिवा मालवावा तसा पुन्हा सरकारी झाला.

"सुरुवातीलाच सांगतो," तो विकणाऱ्याच्या वकिलाकडे वळून म्हणाला. "ही गाडी मी एकदा पुलावर ढकललेली आहे. तेव्हा या बाई आत होत्या. कुणाची हरकत असेल तर न्यायालय दुसरा माणूस नेमेल."

"ढकललीतच ना, विकत तर नाही घेतलीत?" वकील हसला. "आमची हरकत नाही."

या बाई! ठकूला ते दोन शब्द खड्यासारखे लागले.

तो मात्र कामात गढून गेला. सीट काढली, खालचा गालिचा उचलला, कोपऱ्यात बोट फिरवून वर धरलं. बोटावर वाळलेला गाळ होता. वायरींचे सांधे हिरवे पडलेले.

"ही पाण्यात बुडालेली गाडी आहे," तो शांतपणे म्हणाला. "कुठल्यातरी पुरात, अगदी सीटपर्यंत. ही कितीही वेळा दुरुस्त केली तरी बंद पडणार."

वकिलाचं हसू मावळलं. ठकू गाडीकडे बघतच नव्हती. त्याचे ते सावकाश, जपून फिरणारे हात ती पाहत होती.

सगळे पांगल्यावर तिने त्याला व्हरांड्यात गाठलं.

"आभार मानायचे होते..."

"मानू नका." तो दोन पावलं मागे सरला. "निकाल लागेपर्यंत मला तुमच्याशी बोलता येणार नाही."

"इतकं काय बोलणार आहोत आपण?"

व्हरांड्याच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"हवापाण्याच्या गप्पांनी काही बिघडलं नसतं," शेवटी तो म्हणाला, खाली बघत. "पण मला तेवढंच बोलायचं नाहीये... म्हणून."

आणि तो वळून निघून गेला. ठकू कितीतरी वेळ कठडा धरून उभी राहिली.

मग सुरू झाल्या तारखा. वकील आजारी, न्यायाधीश रजेवर, पुढची तारीख... पाऊस संपला, गारठा आला, गेला. कधी भाजीच्या दुकानात तो लांबून दिसायचा. नजर भिडायची, तो मान किंचित झुकवायचा आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडायचा. ठकू टोमॅटो निवडायला जायची आणि वांगी घेऊन घरी यायची.

"कोण गं तो?" भाजीला सोबत आलेल्या वहिनीने एकदा विचारलं.

"साक्षीदार."

"कशाचा?" वहिनीने डोळे मिचकावले, आणि ठकूच्या कानशिलांपर्यंत लाली चढली.

साक्षीच्या दिवशी विकणाऱ्याच्या वकिलाने शेवटचा डाव टाकला.

"तपासणीनंतर तक्रारदार बाईंना तुम्ही भेटलात?"

"व्हरांड्यात त्या आभार मानायला आल्या होत्या. मी थांबवलं."

"त्यानंतर?"

"नाही."

"फोन? निरोप?"

"नाही."

"एकाच गावात राहता. एकदाही बोलणं नाही?"

"एकदाही नाही," तो म्हणाला. आवाज खाली गेला होता, घोगरा झाला होता. वकिलाने ते उत्तर म्हणून ऐकलं आणि खाली बसला. ठकूला मात्र त्यात ते सगळे महिने ऐकू आले. ओढणीचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं.

निकाल तिच्या बाजूने लागला. विकणाऱ्याने गाडी परत घ्यावी, पैसे परत करावेत, झालेल्या त्रासाची भरपाई द्यावी. दादाने घर डोक्यावर घेतलं. ठकू फोनकडे बघत बसली. तो वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"अगं वेडे, त्यांना अजून अपील करता येतं," वहिनी म्हणाली. "तो माणूस नियमाचा पक्का दिसतोय. अपिलाची मुदत टळू दे."

म्हणजे पुन्हा वाट पाहणं! जिंकूनही इतकं उदास कुणाला वाटलं असेल? ज्या सचोटीवर ती भाळली होती, तिचाच तिला आता राग येत होता. आणि राग आला की तो आणखीनच आवडायचा.

अपील झालं नाही. मुदत टळल्यावर एका सकाळी विकणाऱ्याचा ट्रक येऊन गाडी ओढून घेऊन गेला. रिकाम्या जागेकडे ठकूने एकदा पाहिलं, चपला सरकवल्या आणि तडक बस पकडली.

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तास नुकताच संपला होता. तो एकटाच हत्यारं जागेवर लावत होता. दारातली सावली बघून त्याने मान वर केली, आणि हातातला पाना खण्णकन खाली पडला.

"मुदत काल संपली," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मी आज संध्याकाळी येणारच होतो. पत्ता... फायलीत होता. पण तो तसा वापरणं बरं नव्हे, म्हणून तुमच्या दादांना फोन करून रीतसर विचारणार होतो."

"अहो, किती ते रीतसर!" ठकूचा आवाज हसता हसता कापला. "मी परत जाऊ का मग? या तुम्ही संध्याकाळी."

ती खरोखरच वळली. "नको—" त्याने झटकन तिचं मनगट धरलं, आणि लगेच सोडलं. तिच्या पांढऱ्या बाहीवर ग्रीसची काळी बोटं उमटली होती.

"अरेरे... तुमचा ड्रेस..."

"असू दे. आणि 'तुम्ही' कशाला आता? मी काही तक्रारदार नाहीये."

तो तिच्याकडे बघत राहिला, कुणाची हरकत न विचारता, डोळे भरून.

"तू..." त्याने म्हणून पाहिलं. इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं एकदम दारात येऊन अडलं होतं.

ठकूने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि ती समोर बसली.

"बोल सावकाश," ती म्हणाली. "मी आज दिवसभराची सुट्टी घेतलीय."