विहिरीतली सव्वीस माणसं

दाभोळच्या धक्क्यावर फेरीबोटीत चढण्याआधी प्रत्येकाला काचेच्या एका नळीत फुंकावं लागे. नळी पांढरी राहिली की तिकीट मिळे. निळी झाली, म्हणजे खाडीताप निघाला, तर धक्क्यामागच्या शाळेत जावं लागे; तिथे आता बाकांऐवजी खाटा होत्या. चार महिन्यांत लोकांना याची इतकी सवय झाली होती की माणसं बोलता बोलता फुंकून पुढे सरकत.

त्या सकाळी बोट चालवणारा तांडेल इलियास याने नेहमीसारखं सर्वांत शेवटी फुंकलं. नळी निळी झाली. त्याने ती उजेडात धरून पाहिली आणि फुंकून चढायच्या रांगेत उभ्या असलेल्या थोरल्या बहिणीला हाक मारली, "आपा, आज बोट पलीकडे धोपाव्याला जायची नाही. लोकांना सांग तू."

रझिया पुढे झाली.

"जवळ येऊ नको," तो म्हणाला आणि शाळेकडे चालू लागला.

खाडीताप नऊ दिवसांत माणूस नेत असे. अख्ख्या किनाऱ्यावर त्यातून एकही जण उठला नव्हता. रोगातून उठलेल्या माणसाच्या रक्तात प्रतिपिंडं असतात, म्हणजे त्या एका रोगासाठी शरीराने घडवलेली हत्यारं. त्यांचा एक नमुना मिळाला असता तरी प्रयोगशाळेत हव्या तितक्या नकला करता आल्या असत्या. पण नमुना द्यायला कोणी जिवंत नव्हतं.

म्हणून प्रयोगशाळेत संशोधन करणारी रझिया मेलेल्यांकडे गेली होती. तिचं दंतवाचक यंत्र दाताच्या गाभ्यात सुकलेल्या रक्ताचा कण शोधून त्यातल्या प्रतिपिंडांची घडण वाचत असे. त्यासाठी दाताची पूड करावी लागे. एक दात, एकच वाचन. उत्खनन करणाऱ्या वामन पेठ्यांना गावातल्या एका बुजलेल्या विहिरीत सव्वीस सांगाडे सापडले होते. त्यांच्यावर जळक्या लाकडांचा थर होता. बऱ्याच कवट्यांवर तलवारीचे घाव होते, आणि दातांत खाडीतापाच्या विषाणूच्या खुणा.

"पंधराशे आठ साल," पेठे म्हणाले होते. "मार्चमध्ये चौलच्या खाडीत लढाई झाली. इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला. डिसेंबरच्या अखेरीस बाप सूड घ्यायला निघाला, आणि वाटेत दाभोळ लागलं."

"चौलला मारणारे दाभोळचे होते?"

"नव्हते. तरी गाव कापलं, जाळलं. त्याच वर्षी ही माणसं तापातून उठली होती, रझिया. ताप त्यांना मारू शकला नाही."

पंचवीस जणांचे दात वाचून झाले होते. आगीच्या धगीने प्रत्येकातली प्रतिपिंडं मोडून गेली होती. उरली होती धग न पोचलेल्या तळाच्या चिखलात सापडलेली विशीतली एक बाई. तिचा एकच दात शाबूत होता.

इलियासच्या तापाच्या तिसऱ्या दिवशी रझियाने त्या दाताची डबी उघडली. पेठ्यांनी डबीवर हात ठेवला.

"दोन वर्षांत पूड न करता वाचणारं यंत्र येईल. आज वाचन अर्धवट झालं तर पुन्हा काही नाही. इलियास नसता तर तू थांबली असतीस का?"

रझियाला खोटं बोलता आलं नाही. "थांबले असते कदाचित. पण दोन वर्षांत शाळेत किती जण येऊन जातील, सर?"

पेठ्यांनी हात काढून घेतला.

वाचन दोन तृतीयांश झालं आणि थांबलं. उरलेला भाग संगणकाने अंदाजाने भरला. सातव्या दिवशी औषध तयार झालं, तेव्हा इलियासला डोळे उघडवत नव्हते. संध्याकाळपर्यंत त्याचा ताप उतरला. दुसऱ्या दिवशी त्याने पेज मागितली, खिडकीतून बोटीकडे पाहिलं आणि नव्या तांडेलाने दोर चुकीचा बांधलाय म्हणून शिव्या दिल्या. रझिया काचेपलीकडे उभी राहून हसली. चार महिन्यांत ती पहिल्यांदा हसत होती.

अकराव्या दिवशी ताप परत चढला.

"आपा, त्या बाईने चार दिवस दिले," तो म्हणाला. "तिच्याकडे तेवढेच होते. रडू नको."

तेराव्या दिवशी दुपारी इलियास गेला. औषध दिलेल्या प्रत्येकाचं तेच झालं. नऊचे तेरा दिवस, बस्स. हत्याराचा जो भाग अंदाजाने भरला होता, तोच चुकला होता.

दफन आटोपून रझिया प्रयोगशाळेत परतली, तेव्हा पेठे बातम्यांच्या पडद्यासमोर उभे होते. समुद्रापलीकडच्या एका बंदरात खाडीतापातून अकरा माणसं उठली होती. त्यांच्या एका चमचाभर रक्तात सगळं होतं. शाळेत त्या घडीला बेचाळीस जण होते.

"खाली वाच," पेठे म्हणाले.

त्या बंदराच्या शेजारच्या देशाच्या सेनापतीचा मुलगा गेल्या महिन्यात चकमकीत मारला गेला होता. मारणारे दुसऱ्याच गावचे होते. सेनापतीचं आरमार मात्र त्या अकरा जणांच्या बंदरासमोर नांगर टाकून उभं होतं. शहर सोडायला दिलेली मुदत सकाळीच संपली होती.

रझियाने तिथल्या रुग्णालयाचा नंबर लावला. घंटी बराच वेळ वाजत राहिली. मग कोणीतरी फोन उचलला. नुसता धापा टाकल्याचा आवाज येत होता.

"मी दाभोळहून बोलतेय, हिंदुस्थानातून," ती म्हणाली. "तापातून बरी झालेली ती अकरा माणसं... ती अजून आहेत ना?"