स्थिर वस्तूंची यादी

"मानवजातीच्या इतिहासात अंधाराचा आता कायमचा पराभव झालेला आहे," असं ज्योतीराम कुराडे यांनी जाहीर केलं आणि हातातला चहाचा कप डावीकडच्या टेबलाच्या कडेपासून चार बोटं अलीकडे, म्हणजे हवेत ठेवला.

कप हवेत राहिला नाही. समोर बसलेल्या इस्माईल मुल्लाणींनी तो फुटायच्या आतच पाय वर घेतले होते. सव्वीस वर्षं ते कुराड्यांच्या गाडीवर कंडक्टर होते, त्यामुळे ड्रायव्हरची चूक त्यांना चुकीच्या आधी समजत असे.

"टेबल सरकलं," कुराडे म्हणाले.

"आपणहून?"

"म्हणजे कुणीतरी सरकवलं. टेबल इथपर्यंत आहे, हे बघ, मला स्वच्छ दिसतंय." असं म्हणून कुराड्यांनी तिकडं न बघताच हवेवर दोनदा थाप मारली. दुसऱ्या थापेनंतर त्यांनी हात मागं घेतला.

कुराड्यांच्या डोळ्यांवर 'पूर्णदर्शी' होता. आजऱ्यात एव्हाना साठीच्या पुढच्या निम्म्या लोकांच्या नाकावर तो बसलेला होता आणि लोक त्याला सुटसुटीतपणे भरणीचा चष्मा म्हणत. त्याच्या दोन्ही दांड्यांवर तांदळाच्या दाण्याएवढे कॅमेरे होते. माणसाची नजर वयानं कडेकडेनं झिजायला लागली की हे कॅमेरे बाजूचं दृश्य टिपत आणि डोळ्याला जिथं अजून दिसतं तिथं आवळून बसवत. मेंदू आठवडाभर कुरकुर करी, मग ते खरं मानू लागे. थोडक्यात, नजरेला पडलेली भोकं चष्मा भरून देई. भोक पडलंय हे मात्र तो सांगत नसे. ते सांगण्यासाठी वेगळी सोय होती, आणि त्या सोयीचं कुराड्यांनी काय केलं ते पुढं येईलच.

तीन वर्षांपूर्वी पुण्याहून मुलीनं, शीतलनं, हा चष्मा पाठवला. तेव्हापासून कुराडे रोज सकाळी दहाच्या चहाला मुल्लाणींना बोलावून विज्ञानाबद्दल एखादं वाक्य ऐकवत. मुल्लाणी चहासाठी येत.

"मालन!" कुराड्यांनी हाक मारली. "फडकं आण. आणि टेबल कुणी हलवलं?"

"मीच सरकवलं काल," मालनबाईंचा आवाज आला. "येताजाता मांडीला लागालतं."

"पाच वर्षं ते टेबल तिथं आहे. आत्ताच कसं लागायला लागलं?"

 मुल्लाणी कपाच्या तुकड्यांकडे बघायचं सोडून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले. मालनबाई तिथून येत होत्या. एका हातात फडकं होतं. दुसरा हात भिंतीवरून घसरत होता, आधी चौकट, मग कॅलेंडर, मग कपाटाची कड, जणू त्या भिंत पुसतच येत होत्या.

"वहिनी," मुल्लाणी हळूच म्हणाले, "भिंत धरून कधीपासून चालताय?"

"कोण भिंत धरतंय?" कुराडे हसले. "ती बघ की, बसलीय खिडकीत सूप घेऊन. तांदूळ निवडतेय."

त्यांनी न बघताच डावीकडं बोट दाखवलं. डावीकडं खिडकी होती, खिडकीपाशी वेताची खुर्ची होती आणि खुर्चीत कुणीही नव्हतं.

मुल्लाणींनी खुर्चीकडं बघितलं. मालनबाई जागच्या जागी थांबल्या. मग कुराड्यांनी मान वळवली. खुर्चीत मालन होती, हिरव्या साडीत, सूप मांडीवर, बोटं घनसाळ तांदळात. मान पुरती वळेपर्यंत ती होती. नजर थेट खुर्चीवर पडली तसं चित्र एकदा थरथरलं आणि ती नव्हती. वेताची एक काडी सुटून वर आली होती तेवढी दिसली.

"मी इथं हाय ओ," मागून मालनबाई म्हणाल्या.

आता हे आधी का लक्षात आलं नाही, असं कुणीही विचारेल. आवाज स्वयंपाकघरातून यायचा आणि बायको खिडकीत दिसायची, तरी कुराड्यांना नवल वाटलं नव्हतं, कारण मालन एकाच वेळी दोन ठिकाणी असते हा त्यांचा लग्नापासूनचा समज होता. वर्षभर ती त्याच हिरव्या साडीत दिसत होती. बायको रोज एकच साडी नेसते हे पाहून कुठल्याही नवऱ्याला यंत्राचा संशय येत नाही. त्याला बरं वाटतं. गेले काही महिने भातात खडे लागत होते, हे मात्र खरं. त्याबद्दल कुराडे दर दोन दिवसांनी ताटावरून ओरडत, "अगं, नजर कुठं असते तुझी?"

दुसऱ्या दिवशी मुल्लाणींनी दोघांना डॉक्टर नेर्लेकरांकडे नेलं. कंडक्टरच्या सवयीनं त्यांनी दोघांना बसमध्ये आधी चढवलं आणि मग स्वतः चढले.

डॉक्टर नेर्लेकर पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी चष्मा काढून ठेवायला लावला आणि कुराड्यांच्या डोळ्यांतला दाब मोजला. बुबुळातून आत प्रकाश टाकून बराच वेळ पाहिलं. मग एका पांढऱ्या घुमटात डोकं ठेवायला सांगितलं. घुमटात कुठंही प्रकाशाचं टिंब उमटलं की हातातलं बटण दाबायचं.

कुराडे खूश झाले. ही परीक्षा त्यांच्या ओळखीची होती. भरणीचा चष्मा दर महिन्याच्या एक तारखेला हीच परीक्षा घेई. टिंब दिसलं की दांडीवर टिचकी मारायची. शेवटी चष्मा कानात म्हणे, "अभिनंदन. नजर शंभर टक्के."

पण घुमटातली टिंबं विचित्र होती. एक लगेच आलं, दुसरं आलंच नाही, तिसरं भलत्याच वेळी आलं. कुराड्यांचा ठेका चुकला.

"तुम्ही टिंब दिसल्यावर बटण दाबत नाही," डॉक्टरांनी यंत्र थांबवून म्हटलं. "तुम्ही मोजून दाबताय."

कुराडे शाळेत पकडल्यासारखे बसून राहिले. मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि ते सांगताना सुरुवातीला तरी त्यांना थोडा अभिमानच वाटत होता.

घाटमाथा परिवहनच्या आगारात ड्रायव्हरांची नजर दरवर्षी तपासली जाई. तपासणीच्या खोलीतला अक्षरांचा तक्ता अठरा वर्षं एकच होता. र, प ग, म न ल, त्याखाली व द स ट, अशा सात ओळी. जुने ड्रायव्हर नव्यांना आधी घाटाची वळणं शिकवत आणि मग तक्ता. डोळे मिटूनही डोळ्यांची परीक्षा पास होण्याची अशी सोय दुसरीकडं क्वचितच असेल. कुराड्यांना त्या काळी खरं तर तक्ता दिसत होता, तरी त्यांनी तो पाठ केला, कारण सगळे करत होते. पुढं त्यांनी तो निदान चाळीसजणांना शिकवला, चाल लावून.

नव्या चष्म्यानं परीक्षा घ्यायला सुरुवात केली तेव्हा तिसऱ्या महिन्यातच त्यांच्या लक्षात आलं की म्हाताऱ्यांना दमायला होऊ नये म्हणून टिंबं एका ठेक्यात येतात, दोन, दोन, तीन, उभ्या गाडीच्या इंजिनासारखी. मग ते ठेक्यावर टिचकी मारू लागले. दिसलेल्याला आणि न दिसलेल्यालाही. खोटं बोलायचा हेतू नव्हता. परीक्षा आली की पास व्हायचं, एवढंच हाताला ठाऊक होतं.

"डावीकडची टिंबं दिसेनाशी झाली हे कळलं नाही?"

"कळलं की. मला वाटलं, कंपनीनं कमी केली असतील."

डॉक्टर हसल्या नाहीत. "हा काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस हळूहळू सुकते. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, समोरचं वाचता येतं. नजर कडेनं जाते, म्हणून पत्ता लागत नाही. त्या टिंबांनी तो लागला असता. तीन वर्षांपूर्वी थेंब सुरू केले असते तर डावी बाजू राहिली असती."

"आता?"

"गेलेली परत येत नाही. राहिलेली थेंबांनी राखायची. रोज, न चुकता, जन्मभर. तुमच्या वडिलांना होतं का असं काही?"

"ते म्हातारपणी दाराच्या चौकटीला आपटायचे. आम्ही म्हणायचो, वय झालं."

"मुलीला कळवा. चाळिशीनंतर तिनं दरवर्षी दाब तपासून घ्यायचा. नंबर तपासून भागत नाही."

मग त्यांनी मालनबाईंना पुढं घेतलं. तिथं यंत्राचीही गरज नव्हती. दोन्ही बुबुळांमागं दुधाळ पडदा होता. मोतीबिंदू, पुरता पिकलेला. शस्त्रक्रियेनं दिसेल, पण इतका पिकू द्यायला नको होता. आता काम किचकट होईल आणि उजव्याबद्दल डॉक्टर शब्द द्यायला तयार नव्हत्या.

"मावशी, इतके दिवस कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं होतं की दोनदा," मालनबाई म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता, भाजीचा भाव सांगावा तसं त्या बोलल्या. "म्हटलं, मला सगळं धुकं दिसालंय. हे म्हणाले, मला तर तू चांगली दिसालीस."

मुल्लाणींना अचानक बाहेरच्या फलकावरच्या वेळा वाचायच्या झाल्या. ते उठून गेले.

डॉक्टरांनी चष्मा तारेनं संगणकाला जोडला होता. "हा बाजूचं सगळं दर क्षणी टिपत नाही," त्या पडद्याकडं पाहत म्हणाल्या. "बॅटरी पुरत नाही. जे रोज त्याच जागी असतं त्याचं साठवलेलं चित्र दाखवतो. 'स्थिर वस्तू' म्हणतात त्याला. ही तुमची परवापर्यंतची यादी."

यादी लहान होती. फ्रीज. कपाट. कॅलेंडर. टेबल. खिडकी. खुर्ची. आणि खुर्चीच्या पुढं, यंत्राला नाव ठाऊक नसल्यामुळं, 'स्त्री, बसलेली'. समोर तारीख होती. चौदा महिन्यांपूर्वीची.

कुराड्यांना पहिल्यांदा रागच आला. "जित्या माणसाला वस्तू ठरवलं? कुणी ठरवलं हे? कंपनीतल्या कुठल्या दीडशहाण्यानं?"

"नियम कंपनीचा आहे, पण ठरवतो चष्मा. तोही तुमच्याकडं बघून," डॉक्टर म्हणाल्या. त्यांना हे सांगायचं नव्हतं असं त्यांच्या आवाजावरून वाटलं. "तुमची बुबुळं कुठं वळतात ते तो मोजतो. सलग नव्वद दिवस ज्या गोष्टीकडं तुम्ही एकदाही थेट बघत नाही, ती यादीत जाते. या चौदा महिन्यांत तिच्याकडं एकदा जरी नजर गेली असती, तरी नाव पुसलं गेलं असतं."

घाटात गाडी चालवताना कुराडे दर अर्ध्या मिनिटाला डावा आरसा बघत. सव्वीस वर्षांत त्या बाजूला एकाही कठड्याला गाडी घासली नव्हती. त्यासाठी मिळालेलं पदक खिडकीच्या वर, मालनच्या खुर्चीच्या बरोब्बर वर टांगलेलं होतं. पदक यादीत नव्हतं. ते रोज बघितलं जाई.

परतताना मुल्लाणी त्यांच्या उजव्या हाताला बसले. 

"इस्माईल, आगारात तो तक्ता अजून तोच असेल रे?"

"असणारच. उद्या जाऊन बदला म्हणून सांगू."

"बदलला तर नवा पाठ करतील."

"करतील की," मुल्लाणी म्हणाले. "मास्तर चांगला मिळाला होता त्यांना."

कुराड्यांनी पुढं बघितलं. गाडी घाटाचं वळण घेत होती. ड्रायव्हर तरुण होता, शीळ घालत होता. त्याला दरीची कड दिसतेय की नुसती पाठ आहे, हे पाठीमागून कळायला काही मार्ग नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी भरणीचा चष्मा कपाटात ठेवला आणि जुना, साधा लावला. जग एकदम अरुंद झालं, नळीतून बघितल्यासारखं. डावीकडं काहीच नव्हतं. काळं नव्हतं, पांढरंही नव्हतं, नुसतं नव्हतं. मालनबाई खिडकीतल्या खुर्चीत जाऊन बसल्या. कुराड्यांनी आपली खुर्ची उचलून तिच्यापुढं, तोंडासमोर मांडली आणि बघायला सुरुवात केली.

कपाळावरचे केस पांढरे झाले होते. साडी जांभळी होती. मनगटावर तव्याचा चटका होता, एक जुना, एक ताजा. गालाचं हाड वर आलं होतं. ती सूप नाकापाशी धरून बोटांनी खडे शोधत होती, एकेक दाणा चाचपून, आणि सापडलेला खडा बाजूच्या वाटीत टाकताना वाटी आधी हातानं चाचपत होती. इतके महिने ती असे खडे वेचत होती आणि एखादा सुटला की ते ओरडत होते. कुराड्यांनी एकेक गोष्ट पाहिली, घाटातल्या पाट्या वाचाव्यात तशी, एकही न गाळता. शस्त्रक्रिया गुरुवारी होती. गुरुवारनंतर तिला दिसू लागलं तर ती आधी काय बघेल, आणि जे बघेल ते तिला बघावंसं वाटेल का, असा प्रश्न त्यांना पडला. त्याचं उत्तर पाठ करता येण्यासारखं नव्हतं.

"मालन," ते घसा खाकरून म्हणाले, "आजपासून माझ्या उरलेल्या नजरेतला प्रत्येक क्षण..."

"समोर बसून एकटक बघालाय न्हवं?" मालनबाईंनी विचारलं.

"व्हय."

"जवळचं नीट दिसतंय?"

"समोरचं सगळं दिसतंय."

त्यांनी सूप खाली ठेवलं, पदराला टोचलेली सुई काढली आणि ती कुराडे साधारण जिथं असतील त्या दिशेनं पुढं केली.

"मग एवढ्या सुईत दोरा तेवढा ओवून देतासा काय? आठ दिस झालं, तुमच्या सदऱ्याचं बटण तसंच राहिलंय."