साखळीतली पाचवी

पुलगावात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर धनंजयचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुकानामागच्या खोलीत त्याची बायको वर्षाली सर्किट बोर्ड बनवायची. दोघं पॉलिटेक्निकात एकाच वर्गात होती. दोन हजार पाचच्या दिवाळीनंतर तिनं अल्लीपूरकडच्या एका कापसाच्या जिनिंगसाठी बोर्ड करायला घेतला.

जिनिंगचे मालक पुंडलिकराव. आदल्या हंगामात कापसासोबत तारेचा तुकडा रेच्यात, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या मशिनीत, गेला, ठिणगी उडाली आणि रुई आतल्या आत धुमसत राहिली. धूर दिसला तोवर उशीर झाला होता. एका मजुराचे दोन्ही हात भाजले. पुंडलिकराव तेव्हापासून नीट झोपत नव्हते.

वर्षालीच्या बोर्डावर चार मायक्रोकंट्रोलर होते. पहिली चिप रेच्यांची उष्णता बघणार, दुसरी रुई ओढणाऱ्या नळीची, तिसरी रुईच्या खोलीची, चौथी गाठी बांधणाऱ्या प्रेसची. चारही तिनं जेटॅगच्या, म्हणजे चिप तपासायच्या आणि त्यात प्रोग्राम भरायच्या जोडणीच्या, एका साखळीत ओवल्या होत्या. कॉम्प्युटरमधून एका टोकाला सिग्नल ढकलायचा, तो एकेका चिपमधून सरकत दुसऱ्या टोकानं परत येतो. यायला किती टप्पे लागले त्यावरून साखळीत किती चिप आहेत ते कळतं.

कॉम्प्युटर पाच सांगत होता.

तिनं केबल बदलली. वेग कमी केला. धनंजयनं भिंग लावून सोल्डरिंगचा एकेक डाग तपासला, दोन पुन्हा मारले.

"डाग पक्के आहेत," तो म्हणाला. "तूच कुठीतरी मोजण्यात चुकून राह्यली."

"मी नाई मोजत, कॉम्प्युटर मोजते. जास्तीची जागा तिसरीच्या अन् चौथीच्या मधात आहे."

"मधात तर नुसतं तांबं आहे."

तिनं ब्लेडनं ते तांबं कापलं. साखळी तुटली, उत्तर येईना. मग त्या जागी बोटभर वायर जोडली. उत्तर आलं. पाच.

हे पाहून धनंजय उठून पुढं दुकानात गेला. वर्षाली मात्र बसून राहिली. साखळीत चार धरून प्रोग्राम भरला की तो अर्ध्यात अडकायचा. शेवटी तिनं सॉफ्टवेअरला सांगितलं, पाच आहेत. चारही चिपांत प्रोग्राम एका दमात गेला.

तिला हसू आलं. मग सहज तिनं पाचवीला वाचून पाहिलं. तिथून आकडा आला, बाकी चौघींसारखाच, अंशांत. चौघी खोलीतल्या हवेचं तापमान सांगत होत्या. पाचवी तीन अंश जास्त सांगत होती.

"काढून टाक तिले," धनंजय म्हणाला.

"काय काढू? तिथं काही आहे का?"

तिनं काढलं नाही. पाचांपैकी कुणीही हद्द ओलांडली तर भोंगा वाजेल आणि मशिनी थांबतील, असंच लिहून ठेवलं. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं.

चाचणीच्या दिवशी दोघं पोचली तेव्हा जिनिंग भरात होतं. रेच्यांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं, हवेत रुईचे कण तरंगत होते, सरकीचा तेलकट वास सगळीकडे. दुपारी जेवणाची सुट्टी व्हायच्या बेतात असताना भोंगा वाजला. पट्टे मंदावत थांबले.

पुंडलिकराव धावत आले. "कुठी लागली, पोरी?"

वर्षालीनं पडद्याकडे पाहिलं. चारही आकडे शांत होते. पाचवा चढत होता.

"कुठीच नाई लागली," ऑपरेटर बंडूजी म्हणाले. "मशीन खोटं बोलून राह्यली. चालू करू का?"

"थांबा बंडूजी." ती पुंडलिकरावांकडे वळली. "काकाजी, रुईची खोली अन् प्रेस, याच्या मधात काय आहे?"

"मधात काय? बोळ आहे. रुई नेतो तिथून."

"तिथं सेन्सर नाई लावला आपण."

"मग?"

ती बोळाकडे निघाली.

बोळात भिंतीलगत रुईचा छातीइतका ढीग होता. पांढरा, थंड, स्वच्छ. पलीकडे रुई नेणारी शकुबाई आणि चारपाच मजूर बाया, मशिनी थांबल्या तशा डबे उघडून बसल्या होत्या. त्यांना बाहेर पडायला हाच एक रस्ता होता.

"उठा," वर्षाली म्हणाली. "सगळ्या जणी बाहेर या."

बाया निघाल्या. धनंजयनं लोखंडी आकडा ढिगात खुपसून ओढला.

आत लाल होतं.

धूर त्यानंतर आला. पाण्याच्या बादल्या आल्या, ओली पोती आली. ढीग विझला. कुणाला फोडही आला नाही.

शकुबाईनं वर्षालीचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. पुंडलिकराव पायरीवर बसले होते. "माह्या दुसऱ्या दोन्ही जिनिंगमधी हेच पाह्यजे," ते म्हणाले. "असंच. यात काही बदलू नको." बंडूजींनी गावातून पेढे मागवले. धनंजय जो भेटेल त्याला सांगत होता, बोर्ड माझ्या बायकोनं बनवला. वर्षालीला उभ्या आयुष्यात इतकं हलकं वाटलं नव्हतं.

पाणी सगळीकडे गेलं होतं, म्हणून मेन स्विच पाडला होता. बोर्ड भिजला तर नाही, हे बघायला तिनं पेटीचं झाकण उघडलं.

बोर्ड कोरडा होता. चारही चिपांवर तिनं बोट टेकवून पाहिलं. गार होत्या.

मग तिसरीच्या आणि चौथीच्या मधल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

धावत आलेल्या माणसाच्या कपाळासारखी ती जागा कोमट होती, आणि किंचित ओलसर.