पाहणारे : दोन

पटलं नाही तर सोडून द्या. पण हे मी कुठे वाचलेलं नाही.

ज्याच्या घरी घडलं तो कियान माझा मावसदीर. मलेशियात, पिनांगला आयर इतामच्या एका जुन्या इमारतीत नवव्या मजल्यावर राहतो. आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची, चार वाजून दहा मिनिटांची आहे.

कियानचा धंदा घराघरांत कॅमेरे बसवायचा. शिडीवरून उतरला की प्रत्येक गिऱ्हाईकाला एकच सांगायचा, "पासवर्ड सोपा ठेवू नका. कॅमेरा तुमचा असला तरी बघणारा कोणीही असू शकतो."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्याच्या स्वतःच्या घरच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड होता आठ वेळा आठ. चिनी लोकांत आठ शुभ, आणि त्याच्या म्हाताऱ्या आईला लक्षात राहील म्हणून.

ही आई गेल्या नोव्हेंबरात गेली.

दुपारी खुर्चीवरून पडली. घरात कोणी नव्हतं. पडदा हलला तरी फोन वाजतो, म्हणून कियाननं त्या दिवशी कॅमेऱ्याचे मेसेज बंद केले होते. रात्री त्यानं रेकॉर्डिंग पाहिलं. आई चाळीस मिनिटं कॅमेऱ्याकडे बघत त्याला हाका मारत होती. तिला वाटत होतं, तो ऐकतोय.

हे त्यानं कितीतरी दिवस बायकोलाही सांगितलं नाही.

एप्रिलात चिंगमिंग आला, चिनी लोकांचा पितरांचा सण. सगळे थडग्यावर गेले. कागदाचे कपडे जाळले, कागदाचं घर जाळलं; जाळलं की ते गेलेल्या माणसाला पोचतं म्हणतात. कियाननं कागदाचा मोबाइलही आणला होता.

"आमाला कुठे येतो फोन वापरता?" त्याची बायको हुई शान म्हणाली. आमा म्हणजे आजी.

"चार्जरपण जाळा," त्यांची आठ वर्षांची मुलगी जिन म्हणाली, "नाहीतर आमा मागायला परत येईल."

सगळे हसले. कियान हसला नाही. त्यानं खिशातलं पेन काढलं आणि कागदी मोबाइलच्या पाठीवर आठ वेळा आठ लिहिले. आईला निदान घर दिसत राहावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

मग तो मोबाइल त्यानं आगीत टाकला.

नवव्या दिवशी, मंगळवारी, तो कामावर होता. जिन चारला शाळेतून येते, कियान साडेचारला. मधला अर्धा तास पोरगी एकटी. म्हणून त्यानं रोजच्यासारखं ॲप उघडलं.

जिन नूडल्स खात होती. कोपऱ्यात बारीक अक्षरं होती...

पाहणारे : २.

एक तो स्वतः. हुई शान दवाखान्यात कामाला. तिथे फोन कुलपात ठेवावा लागतो. मग दुसरं कोण?

तेवढ्यात कॅमेरा हलला. कियाननं बोट लावलं नव्हतं. कॅमेरा हळूहळू... जिनकडे वळला.

जिननं मान वर केली. "हो, जेवतेय," ती म्हणाली.

घरी आल्यावर त्यानं विचारलं, "कोणाशी बोलत होतीस?"

"आमाशी. जेवलीस का विचारत होती."

हे तर आईचं रोजचं विचारणं. पण जेवलीस का, हे पिनांगात भाजीवालाही विचारतो. चोरही विचारेल.

दुसऱ्या दिवशी त्यानं धंद्यातल्या जोडीदाराला, सेल्वमला, फोन दाखवला.

"बॉस, हा परका फोन आहे. कुठून बघतोय तेही लपवलंय," सेल्वम म्हणाला. "आत्ताच्या आत्ता पासवर्ड बदल."

"बदलतो उद्या."

"गिऱ्हाईकाला असं म्हणाला असतास?"

कियाननं फोन त्याच्या हातातून घेतला. उद्या, उद्या करत सहा दिवस गेले. रोज चार दहाला तो गाडी बाजूला घ्यायचा आणि ॲप उघडायचा. पाहणारे दोन. त्याला वाटायचं, आई आणि मी मिळून जिनकडे बघतोय. गाडीत बसून तो लहान मुलासारखा रडायचा.

सातव्या दिवशी जिन मधेच जेवणावरून उठली. दाराकडे गेली. कडीवर हात ठेवला...

"जिन! थांब!" तो फोनमध्ये ओरडला.

"बाबा, आमा बाहेर उभी आहे. दार उघड म्हणतेय."

"हात काढ कडीवरून. मी येतोय."

गाडी कशी चालवली, त्याला आजही आठवत नाही. घराबाहेर कोणी नव्हतं. सगळा व्हरांडा रिकामा.

संध्याकाळी त्यानं हुई शानला सगळं सांगितलं. आगीत लिहून दिलेले आकडे, नोव्हेंबरची ती चाळीस मिनिटं, सगळं. तिनं आधी दाराची कडी तपासली. मग म्हणाली, "आई असेल तर ती समजून घेईल. दुसरं कोणी असेल तर आपली पोर जाईल. बदल."

त्यानं बदलला. नवा टाकताना दोनदा चुकला.

दुसऱ्या दिवशी, चार दहाला, फोन वाजला.

चुकीचा पासवर्ड.

मिनिटभरानं पुन्हा. मग तिसऱ्यांदा. तीनदा चुकलं की ॲप अर्धा तास बंद होतं. बरोबर अर्ध्या तासानं... पुन्हा तीनदा. असं अंधार पडेपर्यंत.

सेल्वमनं ती यादी खालून वर दोनदा वाचली.

"चोरांचं मशीन मिनिटाला हजारदा ठोकतं, बॉस. इथे कोणीतरी एकेक आकडा बोटानं दाबतंय. थांबून थांबून."

"म्हातारं माणूस दाबतं तसं?"

"मी तसं म्हणालो नाही." त्यानं फोन परत दिला आणि नंतर हा विषय कधी काढला नाही.

कियाननं कॅमेरा भिंतीवरून उतरवला. हातोड्यानं फोडला. तुकडे इमारतीच्या कचऱ्यात टाकून आला. हुई शाननं कामाची वेळ बदलून घेतली, जिन आता घरात एकटी नसते.

दुसऱ्या दिवशी चार दहा झाले...

फोन वाजला.

भिंतीवर कॅमेरा नाही. त्या जागी स्क्रूची दोन भोकं आहेत. ॲपवर मात्र, चुकीचा पासवर्ड.

का, ते कोणाला सांगता आलेलं नाही. मलाही नाही. मी स्वतः त्याच्या घरी बसून तो फोन वाजताना ऐकलाय, तेव्हापासून माझ्या घरातला कॅमेरा मी भिंतीकडे तोंड करून ठेवते.

"काढून टाक ते ॲप," हुई शान त्याला सांगते. "एका बोटाचं काम आहे."

तो मान हलवतो आणि काढत नाही. एकदा मी विचारलं, एवढी भीती वाटते तर ठेवलंस कशाला?

"वहिनी, चोर असेल तर त्याला आता काही मिळणार नाही," तो म्हणाला. "पण ती असेल तर?"

आणि त्यानं फोन शर्टाच्या खिशात ठेवला.

रोज चार दहाला तो हातातलं काम ठेवतो. गिऱ्हाईक समोर असलं तरी शिडीवरून उतरतो. मेसेज येतात, तो एकेक उघडून वाचतो. नवा पासवर्ड त्यानं कोणालाच दिलेला नाही. पण न वाचता तो एकही मेसेज सोडत नाही.